जस्ती पत्रा काळवंडला तर?

नवा जस्ती पत्रा किंवा बादली काही महिन्यांत राखाडी झाली म्हणून खंत करू नका. हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड यांच्या योगाने जस्तावर बसणारा पातळ थरच त्याचे रक्षण करतो. तो घासून काढू नये.

मात्र ओले पत्रे एकावर एक रचल्यास हवा न लागून पांढरी भुकटी धरते व जस्त झिजते. मध्ये लाकडी पट्ट्या घालून ते कोरड्या जागी तिरपे ठेवावेत. साधा तेलरंग जस्तावर थेट लावल्यास पापुद्रे सुटतात. आधी जस्ती पत्र्यासाठीचा प्रायमर लावावा.

जेवणावळीत ताक, चिंचेचे वा कोकमाचे सार जस्ती बादलीत कधीही ठेवू नये. आंबटाने जस्त विरघळते आणि पिणाऱ्यांना मळमळ, उलट्या होतात. त्यासाठी स्टीलचेच भांडे घ्यावे.