शिक्षकाचे नियोजन शिक्षकासाठीही हवे

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करावे असे म्हटले आहे. त्या ४५ तासांतच पाठाच्या पूर्वतयारीचे तासही धरलेले आहेत, याचा मात्र सहसा कोणी उल्लेख करत नाही. पूर्वतयारी हे कामच आहे आणि त्यासाठी कामाच्या वेळेतला वेळ मिळायला हवा, हे कायद्याने २००९ मध्येच मान्य केले. प्रत्यक्षात ही तयारी होते ती रात्री जेवणे आटोपल्यावर किंवा रविवारी दुपारी. त्यामुळे नियोजन म्हटले की शिक्षकांना आधीच्या ओझ्यावर आणखी एक ओझे आल्यासारखे वाटते. खरे तर उलट आहे. आगाऊ नियोजन हे शिक्षकाने स्वतःची झोप, संध्याकाळ आणि उमेद राखण्याचे साधन आहे. स्वतःची काळजी घेणे म्हणजे केवळ योगासने किंवा सुट्टीतली सहल नव्हे. कामाचा घोर घरापर्यंत येऊ न देणे हाही तिचाच भाग आहे.

शिक्षकाला थकवते ते केवळ शिकवणे नव्हे. जूनमध्ये शाळा भरली की पाठोपाठ पटनोंदणी, यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, चाचण्या, संकलित मूल्यमापन, शिष्यवृत्तीचे जादा तास आणि स्नेहसंमेलन येते. राष्ट्रीय शैक्षिक नियोजन आणि प्रशासन संस्थेच्या अभ्यासात शिक्षकांच्या शालेय वेळेपैकी प्रत्यक्ष अध्यापनाला जेमतेम १९ टक्के वेळ मिळत असल्याचे दिसले होते. उरलेला वेळ असंख्य लहान कामांत वाटला जातो, आणि त्यातली बरीचशी अर्धवट राहून मनात घर करतात. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये नेमक्या याच गोष्टीचा शोध घेतला. अपुरे राहिलेले काम दुसऱ्या कामात मन लागू देत नाही. पण ते काम कधी आणि कसे करायचे हे नक्की ठरवले, तर ते पूर्ण होण्याआधीच मन मोकळे होते, असे त्यांना आढळले. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोगही हेच सुचवतो. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर. प्रयोग लहान आहे, पण वह्यांचा गठ्ठा आठवत कूस बदलणाऱ्या शिक्षकाला त्यातला अर्थ सहज कळेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: नियोजन तर आम्ही करतोच. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, दैनिक टाचण हे सगळे लिहून होते. पण त्यातले बरेचसे केंद्रप्रमुखांना किंवा मुख्याध्यापकांना दाखवण्यासाठी लिहिले जाते. त्यात कोणता घटक कधी शिकवायचा हे असते. साठ वह्या कधी तपासायच्या आणि निकालपत्रके कोणत्या दिवशी भरायची हे नसते. शिक्षकाच्या उपयोगाचे नियोजन इथूनच सुरू होते. साठ वह्या एका रात्रीत संपवण्याऐवजी रोज मधल्या सुट्टीनंतरच्या रिकाम्या तासाला बारा तपासल्या, तर पाच दिवसांत सगळ्या होतात. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास बसून पुढच्या आठवड्याचे पाठ, लागणारे साहित्य आणि माहिती देण्याच्या तारखा एका पानावर मांडल्या, तर रविवार मोकळा राहतो. गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका आणि कृतिपत्रिका जपून ठेवल्या, की यंदा त्या फक्त सुधारायच्या उरतात. आणि त्या पानावर सर्वांत आधी लिहायची ती शाळेचे कोणतेही काम न करण्याची संध्याकाळ. घरचे सगळे सांभाळून शाळेत येणाऱ्या शिक्षिकांसाठी तर ही नोंद अगत्याची आहे, कारण राखून न ठेवलेला वेळ त्यांच्या वाट्याला येतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर आदेश येतो, ‘माहिती तातडीने पाठवा’; मग आखलेल्या दिवसाला काय अर्थ? अर्थ आहे, फक्त दिवस काठोकाठ भरता कामा नये. ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी ३४ दिवसांत पुरा होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात ५५ दिवस लागले. माणूस कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज बहुधा कमीच धरतो. म्हणून आठवड्यात दोन तास मुद्दाम रिकामे ठेवावेत. अचानक आलेले काम त्यात बसते आणि बाकीची घडी विस्कटत नाही. सगळे आपल्या हाती नसतेच. पण काम भरपूर आणि त्यावरचा ताबा कमी, ही स्थितीच सर्वाधिक ताण देते, असे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडले होते. नियोजनाने काम कमी होत नाही. त्यावरचा ताबा थोडा परत मिळतो.

तिसरा आक्षेप न्याय्य आहे: व्यवस्थेच्या चुकीचे ओझे शिक्षकाच्याच माथी का? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही हा भार कमी करण्याचे आश्वासन दिले आहे. या तरतुदी पाळल्या जाव्यात ही मागणी शिक्षकांनी सोडू नये; उलट कोणत्या आठवड्यात किती तास कुठे गेले याची स्वतःची नोंद हाताशी असेल, तर त्या मागणीला आधार मिळतो. मुख्याध्यापकांनीही वेळापत्रकात प्रत्येकाला पूर्वतयारीचा तास द्यावा आणि तो बदली तासिकेसाठी काढून घेऊ नये. तोवर शिक्षकांनी येत्या शनिवारचा अर्धा तास स्वतःसाठी राखावा. विद्यार्थ्यांची काळजी वाहणाऱ्या माणसाने स्वतःची काळजी घेणे हे त्याच्या कर्तव्यातच बसते.