एक टक्का जलपर्णी

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. वाळकीच्या संगमावर मुळा-मुठा तिला मिळते आणि पुण्याचं सांडपाणीही सोबत आणते. त्यातलं नत्र आणि स्फुरद जलपर्णीला फुकटात मिळतं. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना ढापे बसतात, पाणी थांबतं आणि जलपर्णी पसरू लागते. ऐन उन्हाळ्यात पाणी कुठं दिसेनासं होतं. घातांकी वाढ शिकवायला इथल्या शिक्षकांना दुसरं उदाहरण शोधायला नको.

दहावीच्या बीजगणितात मुलं अंकगणिती श्रेढी शिकतात: दर वेळी तेवढीच भर. जलपर्णीचा हिशेब वेगळा. तिच्या बुडातून आडवा धुमारा फुटतो, टोकाला नवं रोप धरतं आणि थोड्याच दिवसांत तेही आपला धुमारा सोडतं. जितकी रोपं जास्त, तितकी भरही जास्त. अमेरिकेत पेनफाउंड आणि अर्ल यांनी १९४८ च्या शोधनिबंधात दुपटीचा काळ ११ ते १८ दिवस नोंदवला आहे. आपण दोन आठवडे धरू. ऑक्टोबरच्या मध्याला १० रोपं असतील, तर मेअखेरपर्यंत साधारण १६ दुपटी होतात. दर पंधरवड्याला १० चीच भर पडली असती, तर रोपं १७० झाली असती. दुपटीच्या हिशेबानं ती ६,५५,३६० होतात. मुलांना आधी अंदाज लिहायला लावावा, मग आकडेमोड. मोठ्यांनाही लावावा, त्यांचे अंदाज फारसे बरे नसतात.

खरा धडा मात्र सुरुवातीच्या आकड्यांत आहे. बंधाऱ्याचं १ टक्का पाणी झाकलं असेल, तर कुणी तक्रार करत नाही. पण तिथून सगळं पाणी झाकायला सातसुद्धा दुपटी लागत नाहीत. जेमतेम तीन महिने. उलटंही करून पाहा. पाणी पूर्ण झाकल्यावर यंत्रं लावून निम्मी जलपर्णी काढली, फोटो छापून आले, तरी हाती लागतात फक्त दोन आठवडे. मोहिमा एप्रिल-मेमध्ये निघतात. गणित म्हणतं, दिवाळीला निघा.

अर्थात दुप्पट होणं कायम चालत नाही. जागा संपली की वाढ मंदावते, आलेख आडवा होतो. हे वर्गात दाखवायला जलपर्णी नको, डकवीड ही पाण्यावर तरंगणारी इवली वनस्पती पुरे. काचेच्या भांड्यात तिची चार-पाच पानं सोडून एक दिवसाआड मोजायची. दोन-तीन आठवड्यांत आलेख आधी उभा चढतो, मग वाकतो. प्रयोग संपल्यावर ते पाणी ओढ्यात मात्र ओतू नये.

मूळची ॲमेझॉन खोऱ्यातली जलपर्णी पूर्ण उपटणं अवघड. तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून शास्त्रज्ञ तिच्या वाढीच्या वेगाकडे पाहतात. जलपर्णीची पानं कुरतडणारे नियोकेटिना जातीचे भुंगे भारतात १९८० च्या दशकात सोडले गेले. ते तिला संपवत नाहीत, वाढ रोखून धरतात. समजा, त्यांच्यामुळं दुपटीला दोनऐवजी चार आठवडे लागले. तेवढ्याच काळात मग १६ ऐवजी ८ दुपटी होतील आणि त्या १० रोपांची ६,५५,३६० नव्हे, २,५६० होतील.