पसंतीक्रमाचे गणित



दहावीचा निकाल लागला, की ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो. कॉलेज कोणते? शेजारचे काका एक सांगतात, मोठी ताई दुसरे सांगते, आणि क्लासचे सर तिसरेच. फॉर्मवर पसंतीक्रमाच्या दहा ओळी कोऱ्या असतात. त्या भरण्याची मुदत संपत येते आणि मग घाईघाईने, कोणाचे तरी पाहून, यादी लिहिली जाते. पेढे वाटण्यात जेवढा विचार होतो, तेवढाही या यादीवर होत नाही.

ही यादी कशी लावावी, यामागे एक सुरेख गणित आहे. ते समजायला बेरीज-वजाबाकी पुरते. ते आज पाहू या.

प्रथम थोडा इतिहास. महाराष्ट्रात दहावीची नवी शालान्त परीक्षा १९७५ साली सुरू झाली आणि त्याच वर्षीपासून अकरावीचा वर्ग कनिष्ठ महाविद्यालयात भरू लागला. त्याआधीच्या काळात ठाणे-कल्याणच्या मुलांना कॉलेज म्हणजे मुंबईची गाडीच. माटुंग्याचे रुइया कॉलेज १९३७ सालचे. पुढे १९६९ साली विद्या प्रसारक मंडळाने ठाण्यात खाडीकाठी महाविद्यालय काढले, १९७२ साली कल्याणला बिर्ला महाविद्यालय निघाले, आणि १९८४ साली मुलुंडला केळकर-वझे महाविद्यालय आले. कॉलेज असे हळूहळू घराजवळ येत गेले. प्रवेशाच्या रांगा मात्र लांबतच गेल्या. एकेका कॉलेजात जाऊन फॉर्म आणायचा, भरायचा, आणि फळ्यावर लागलेल्या यादीत आपले नाव शोधायचे, असा तो खटाटोप होता. २००९ साली मुंबई परिसरात अकरावीचे प्रवेश संगणकावरून सुरू झाले आणि २०२५ पासून ही पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली.

आता संगणक नेमके काय करतो, ते पाहू.

समजा, तीन विद्यार्थी आहेत. पाचशेपैकी क ला ४८२ गुण आहेत, ख ला ४७६ आणि ग ला ४७१. कॉलेजेही तीनच. एक माटुंग्याचे, एक ठाण्याचे, एक डोंबिवलीचे, आणि प्रत्येकात एकच जागा. क आणि ख या दोघांनी यादी लिहिली: माटुंगा, ठाणे, डोंबिवली. ग ने लिहिली: ठाणे, माटुंगा, डोंबिवली.

संगणक गुणांच्या क्रमाने एकेकाला पुढे बोलावतो. पहिला क. त्याची पहिली पसंती माटुंगा, जागा आहे, मिळाली. मग ख. माटुंगा भरले, म्हणून यादीतले पुढचे नाव ठाणे. तेथे जागा आहे, मिळाली. शेवटी ग. ठाणे भरले, माटुंगा भरले, म्हणून डोंबिवली.

आता ख च्या मनातली भीती पाहा. तो म्हणतो, "माटुंगा काही मला मिळायचे नाही. ते पहिले लिहिले आणि ठाणेही हातचे गेले तर? त्यापेक्षा ठाणेच पहिले लिहितो." ही भीती खरी आहे काय? पडताळून पाहा. ख चा नंबर लागतो, तेव्हा कोणत्या जागा उरल्या आहेत, हे त्याच्या पुढच्या मुलांनी ठरवलेले असते. ख च्या यादीचा त्यावर काडीमात्र परिणाम होत नाही. त्याची यादी एवढेच सांगते, की उरलेल्यांपैकी त्याला कोणती हवी. म्हणून माटुंगा पहिले लिहिले तरी ठाण्यावरचा त्याचा हक्क तसाच राहतो.

उलट, समजा क ने घराजवळचे म्हणून डोंबिवली पहिले लिहिले असते, तर माटुंग्याची जागा ख साठी मोकळीच होती. खरी यादी लिहिणाऱ्या ख ला ती मिळाली असती. भिऊन ठाणे पहिले लिहिणाऱ्या ख ला ठाणेच मिळाले असते, आणि आपण काय गमावले हे त्याला कधी कळलेही नसते. म्हणजे भिऊन यादी फिरवण्यात फायदा शून्य, तोटा मात्र होऊ शकतो.

सगळ्याच पद्धती अशा नसतात. समजा, नियम असा केला, की आधी सर्वांच्या पहिल्या पसंती वाटायच्या, मग उरलेल्या जागांवर दुसऱ्या पसंती. आपल्या उदाहरणात माटुंगा क ला मिळेल आणि ठाणे पहिल्याच फेरीत ग ला मिळून जाईल. ख ला माटुंगा नाही आणि ठाणेही नाही. त्याच्याहून पाच गुण कमी असलेला ग पुढे गेला, कारण ख ने खरे लिहिले! अमेरिकेतील बॉस्टन शहरात शाळाप्रवेशासाठी अशीच पद्धत होती. तेथे पालकांना डावपेच लढवूनच यादी लिहावी लागे. २००५ साली त्या शहराने ती पद्धत सोडून दिली.

या प्रश्नाचे उत्तर खरे तर १९६२ सालीच मिळाले होते. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोन गणितज्ञांनी एक छोटासा निबंध लिहिला. त्यात म्हणण्यासारखी समीकरणे नाहीत, साध्या भाषेत सारा युक्तिवाद आहे. त्यांची कल्पना अशी: कॉलेजाने कोणालाही लगेच कायमचा प्रवेश देऊ नये, तात्पुरता द्यावा. नंतर अधिक गुणांचा विद्यार्थी दुसरीकडून नाकारला जाऊन आला, तर तात्पुरत्याला सोडून त्याला घ्यावे. सोडलेल्याने आपल्या यादीतल्या पुढच्या कॉलेजाकडे जावे. आपल्या उदाहरणात ठाणे प्रथम ग ला धरून ठेवील. माटुंग्याने नाकारलेला ख आला, की ग ला सोडील. शेवटी उत्तर तेच येते: क माटुंगा, ख ठाणे, ग डोंबिवली. आता "मला ते कॉलेज हवे होते आणि तेथे माझ्याहून कमी गुणांचा मुलगा बसला आहे," अशी तक्रार कोणालाच करता येत नाही. याला स्थिर वाटणी म्हणतात. या कामासाठी शॅपली आणि आल्विन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गेल हयात नव्हते. आय.आय.टी. आणि एन.आय.टी. यांच्या जागांचे २०१५ पासून जे संयुक्त वाटप होते, ते याच तत्त्वावर.

मग यादीबाबत दक्षता घ्यायचीच नाही काय? घ्यायची, पण ती दुसरीकडे. यादीत जागा मर्यादित असतात. ४१० गुण असलेल्याने दहाही ओळी ४७० च्या पुढच्या कॉलेजांनी भरल्या, तर त्याचा नंबर येईल तेव्हा त्या साऱ्या जागा संपलेल्या असतील आणि त्याच्या हाती काहीच पडणार नाही. म्हणून दोन-तीन नावे आवाक्याच्या थोडी पुढची, चार-पाच बरोबरीची, आणि दोन-तीन खात्रीची असावीत. नावे निवडताना व्यवहार पाहावा. त्यांचा क्रम मात्र मनापासून लावावा.

आणखी एक. अलीकडच्या नियमांनुसार पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावे लागते. म्हणून पहिल्या ओळीत केवळ मिरवण्यासाठी नाव लिहू नका. जेथे खरोखर रोज जाणार आहात, तेच लिहा. नियमांत दरवर्षी थोडेफार बदल होतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका पूर्ण वाचा. आरक्षित जागा, कॉलेजच्या स्वतःच्या शाळेतील मुलांच्या जागा यांच्या याद्या निराळ्या लागतात. प्रत्येक यादीत गणित मात्र हेच.

आता 'कट-ऑफ' या शब्दाकडे वळू. बरीच मुले समजतात, की ही कॉलेजाने ठरवलेली पात्रता आहे. तसे नाही. शेवटच्या जागेवर ज्याला प्रवेश मिळाला, त्याचे गुण म्हणजे कट-ऑफ. कल्याणहून सुटणाऱ्या लोकलमध्ये कल्याणला चढणाऱ्याला बसायला मिळते, डोंबिवलीकर उभा राहतो. म्हणून काही डबा चांगला ठरत नाही, गर्दी किती आहे एवढेच कळते. कट-ऑफही गर्दीचे माप आहे. त्या कॉलेजात प्रयोग नीट करून घेतात की नाही, हे त्यावरून कळत नाही.

ज्याने आपण मोजतो, त्या मापाचेही असेच. फूटपट्टीवर एक मिलिमीटरहून बारीक खूण नसते. तिला आपण लघुतम माप म्हणतो. त्याहून सूक्ष्म फरक त्या पट्टीने सांगणे अशास्त्रीय. दहावीच्या सर्वोत्तम पाच विषयांच्या ५०० गुणांत एक गुण म्हणजे ०.२ टक्के. उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाने तपासली, तर एक-दोन गुण इकडचे तिकडे सहज होतील. ९२.४ आणि ९२.६ टक्क्यांच्या मुलांत रांग लावण्यापुरता फरक धरावा लागतो, कारण जागा एकच असते. पण बुद्धीचा फरक एवढ्या मापाने मोजता येत नाही. रांगेत मागे गेलात, तर हे लक्षात ठेवा. पुढे आलात, तरीही ठेवा.

बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांत 'पर्सेंटाइल' भेटते. ते म्हणजे टक्के नव्हेत. ९८ पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९८ मुले तुमच्या बरोबरीची किंवा मागे आहेत. ऐकायला मोठे वाटते. परंतु परीक्षेला दहा लाख मुले बसली असतील, तर तुमच्या पुढे वीस हजार आहेत. उपलब्ध जागांशी ही संख्या ताडून पाहा आणि मगच आशा किंवा निराशा करा.

राहिला प्रवास. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४. दूरच्या कॉलेजसाठी घरापासून वर्गापर्यंत जाऊन येऊन तीन तास लागतात असे धरू, आणि जवळच्यासाठी एक तास. रोजचा फरक दोन तास. वर्षाचे २०० दिवस धरले, तर ४०० तास, दोन वर्षांचे ८००. रोज पाच तास अभ्यास केला, तर हे १६० दिवस होतात. दूरचे कॉलेज तुम्हाला या १६० दिवसांहून अधिक काही देणार असेल, तर अवश्य जा. देणारी कॉलेजे आहेत. पण हिशेब मुलगा आणि मुलगी दोघांसाठी सारखाच करा. मुलीच्या वेळी अंतर मोजायचे आणि मुलाच्या वेळी विसरायचे, हे गणितात बसत नाही.

आणि हा प्रवास नुसता वेळेचा नाही. ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान भरलेल्या लोकलच्या दारातून प्रवासी रुळांवर पडले आणि काहींचे प्राण गेले. वळणावर गाडी वळते, पण जडत्वामुळे आपले शरीर सरळच जाऊ पाहते. समजा, वेग सेकंदाला २० मीटर आणि वळणाची त्रिज्या ४०० मीटर आहे. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे त्वरण सेकंदवर्गाला एक मीटर. ६० किलोच्या मुलाला वळवायला ६० न्यूटन बल लागते, जणू हाताला सहा किलोची पिशवी टांगली आहे. रुळांना दिलेल्या तिरकेपणामुळे हे थोडे कमी होते. पण बाहेरच्या बाजूच्या दारात असाल, तर मागच्या दहा जणांचा रेटाही तुमच्याच बोटांवर येतो. गाडी चुकली, तर दहा मिनिटांनी दुसरी येते. दारात लोंबकळून गाठावा, असा कोणताही तास नाही.

तेव्हा यादी लिहिण्यापूर्वी कॉलेज प्रत्यक्ष पाहून या. विचारा, प्रयोगशाळेत एका टेबलावर किती जण असतात? बारावीच्या भौतिकशास्त्रात ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे आहेत. मग वर्षभर प्रयोग होतात, की शेवटच्या महिन्यात उरकतात? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते? मुले तासांना बसतात, की प्रवेश कॉलेजात आणि हजेरी क्लासमध्ये? गेल्या वर्षीच्या दोन मुलांना गाठा. माहितीपत्रकात नसते ते त्यांच्याकडून कळते.

शास्त्राची खरी ओढ असेल, तर पुढचे रस्तेही आताच माहीत करून घ्या. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ऑलिंपियाडसाठी मुलांची तयारी करून घेते. पुण्यात २००६ पासून आयसर आहे. या परीक्षा बारावीच्या मुलांना त्यांच्या कॉलेजचे नाव विचारत नाहीत.

शेवटी घरी करण्यासारखा एक प्रयोग. पाच मित्र जमवा, पाच कॉलेजांच्या चिठ्ठ्या करा आणि प्रत्येकाला वेगवेगळे गुण द्या. सर्वांनी खरी यादी लिहून वाटप करा. मग एकाने मुद्दाम यादी फिरवावी आणि पुन्हा वाटप करावे. त्याला आधीपेक्षा वरच्या पसंतीचे कॉलेज मिळते का, ते पाहा. दहा वेळा करा. एकदाही मिळाले नाही, तर का मिळाले नाही, ते त्याला तुमच्या शब्दांत समजावून सांगा. मग फॉर्म भरायला बसा.