कायद्यानंतरची सोबत

देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात, अंगावर जखमांच्या खुणा नाहीत म्हणून तिची संमती गृहीत धरून, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. आणि या निकालाविरुद्ध उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चौघा विधिज्ञांनी पुढील वर्षी सरन्यायाधीशांना जे अनावृत पत्र लिहिले, त्यातून देशभर जी चळवळ पेटली, तिच्या मुंबईतील सभांतूनच फ्लेविया अॅग्नेस यांचे सार्वजनिक जीवन सुरू झाले. त्या वेळी त्या वकील नव्हत्या. स्वतःच्या संसारातील मारहाण सोसून बाहेर पडू पाहणारी ती एक स्त्री होती. ती हकीकत त्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली, पुढे कायद्याचे शिक्षण घेतले आणि १९८८ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली आरंभिली.

या चळवळीमुळे १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पोलीस कोठडीतील बलात्कारात संमती नव्हती हे स्त्रीचे म्हणणे न्यायालयाने मानावे असे ठरले, किमान शिक्षा ठरली, पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा झाला. परंतु त्या दशकातील कायद्यांचा परामर्श घेताना अॅग्नेस यांनी १९९२ मध्ये लिहिलेला लेख विजयाचा नव्हता. कायदे वाढले, पण स्त्रीच्या पदरात फारसे पडले नाही, हे त्यांनी निर्भीडपणे मांडले; आणि ज्या चळवळीने आपल्याला घडविले तिच्याच यशाची अशी झडती घेण्याचे धैर्य मला त्यांच्या साऱ्या कार्यात सर्वांत मोलाचे वाटते.

त्यांच्या 'मजलिस' संस्थेने २०११ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या पीडितांना सोबत करणारा 'राहत' हा उपक्रम आरंभिला तो केवळ कायदा पुरत नाही या अनुभवातूनच. फिर्याद लिहून घेताना अंमलदाराने काय विचारावे, रुग्णालयात कोणती तपासणी होऊ द्यावी, दंडाधिकाऱ्यांपुढे जबानी देताना काय घडते, तारीख पडली तर पुढे काय, हे सांगणारे कोणी जवळ नसेल तर अशिक्षित किंवा भेदरलेली मुलगी त्या कचेऱ्यांच्या दारांतच खचते. आणि दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच, पुष्कळदा घरचा किंवा शेजारचा असल्यामुळे, जबानी फिरविण्याचे दडपण बाहेरून येण्याची गरजच उरत नाही. आईच जेव्हा मुलीला गप्प राहायला सांगते, तेव्हा त्या आईशीही बोलावे लागते, तिच्या घरभाड्याची विवंचना ऐकावी लागते. बलात्कारासाठी फाशीच्या शिक्षेला अॅग्नेस यांनी केलेला विरोध मला याच संदर्भात सयुक्तिक वाटतो: आरोपी मामा वा बाप असेल, तर फाशीच्या भीतीने त्याच्याआधी फिर्यादीचेच तोंड बंद होते.

बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या २०१२ च्या नियमांत पीडित बालकाला अशी सोबत करणाऱ्या साहाय्यक व्यक्तीची तरतूद झाली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा नेमणुका पालकांच्या मर्जीवर सोडू नयेत असे बजावले. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीला मात्र अशी व्यक्ती मिळणे आजही एखाद्या संस्थेच्या ऐपतीवर अवलंबून आहे, आणि ही जबाबदारी शासनाने प्रत्येक जिल्ह्यात, पगारी व प्रशिक्षित माणसे नेमून, स्वतःकडे घेतली पाहिजे.