उतार किती पेलतो?

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलांना एक गोष्ट कोणी न शिकविता कळते. कोरड्या मातीचा ढीग ठराविक उतारावरच थांबतो. थोडे पाणी घातले की तट उभा राहतो. पाणी जास्त झाले की अख्खा बुरूज खाली बसतो. अभियंत्यांना हिशेब हवा असतो तो या तिसऱ्या अवस्थेचा. त्यांचे बुरूज मात्र धरणांचे आणि रेल्वेच्या भरावांचे असतात.

या हिशेबाची रीत स्वीडनची. १९१६ च्या मार्चमध्ये गोथेनबर्ग बंदरातील स्टिगबर्गचा धक्का खचला. माती कोठून सुटली याचा माग पेटर्सन व हुल्टिन या अभियंत्यांनी काढला, तेव्हा ती रेघ जवळजवळ वर्तुळाच्या कंसासारखी निघाली. (फ्रान्समधील कालव्यांचे घसरलेले काठ पाहून आलेक्सांद्र कोलँ याने १८४६ मध्येच ही वक्रता लिहून ठेवली होती. पुस्तकांचेही नशीब असते!) १९१८ मध्ये स्वीडनमध्येच रेल्वेचा भराव सरकून गाडी कोसळली आणि चाळीसहून अधिक माणसे गेली, मग या शास्त्राकडे थट्टेने पाहण्याची सोय उरली नाही.

रीत अशी. उताराचा उभा छेद कागदावर काढावयाचा. कंपासचे टोक उताराच्या वर, हवेत कोठेतरी ठेवून मातीतून कंस ओढावयाचा. कंसावरील मातीचे पावासारखे उभे काप पाडावयाचे. प्रत्येक कापाचे वजन खाली किती ओढते, आणि तळाची माती चिकटपणाने व घर्षणाने किती धरून ठेवते, हे मांडून धरणाऱ्या बळाला ओढणाऱ्या बळाने भागावयाचे. भागाकार १ आला तर उतार देवाच्या भरवशावर. भरलेल्या मातीच्या धरणाला सामान्यतः १.५ लागतो. मग कंपास सरकवून दुसरा कंस, तिसरा कंस, सर्वांत लहान भागाकार हाती येईपर्यंत. १९५५ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील बिशप यांनी शेजारचे काप एकमेकांना रेटतात हेही धरले. आता संगणक हजारो कंस चटकन तपासतो.

पण खरी मेख पाण्यात आहे. कणांमधल्या पोकळीत पाणी तुंबले की भार तेच तोलू लागते, कण एकमेकांवर कमी दाबले जातात आणि घर्षण उतरते. उन्हाळ्यातला १.५ आषाढात १ च्या खाली येऊ शकतो! म्हणूनच पाणी काढून देणारा साधा चर पुष्कळदा भक्कम भिंतीहून अधिक उपयोगी पडतो.

कातळावर मातीचा थर पातळ असला, तर तो वर्तुळात फिरत नाही, कातळाच्या अंगाने सरकतो. तेथे हिशेब निराळा. मराठीत आपण सरसकट 'दरड कोसळली' म्हणतो. कोसळतो तो दगड. माती घसरते, वाहते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण अशाच मातीखाली गेले, दीडशेहून अधिक माणसांसह. धरणाच्या भरावाचा हिशेब नियमाने होतो, वाडीमागच्या डोंगराचा क्वचित.

माती पुष्कळदा आधी खूण देते: माथ्याशी भेग, पायथ्याशी फुगवटा, कललेली झाडे, एकाएकी गढूळ झालेला झरा. पावसाळ्यात यांपैकी काही दिसले, तर तहसील कचेरीत कळवावे आणि ती रात्र त्या घरात काढू नये.