फिरत्या दुखण्याचा तपास

अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणाऱ्या मार्गावरील बार्शीटाकळी तालुक्यात वावराची राखण, कोठ्यातील जनावरांची सोबत आणि रात्रीचा पहारा ही तिन्ही कामे पुष्कळदा एकाच कुत्र्याकडे असतात. अशा कुत्र्याने आज मागच्या डाव्या पायाने लंगडावे, परवा तो पाय साफ बरा होऊन पुढचा उजवा आखडावा, आठवड्याने दुखणे मानेत गेल्यासारखे दिसावे आणि मध्येच चार दिवस त्याने पूर्ववत हिंडावे-फिरावे, हा अनुभव येथे दुर्मीळ नाही. घरातील एकाला वाटते की पाय मुरगळला असेल, आपोआप जिरेल. दुसऱ्याला वाटते की हे काही बाहेरचे असावे. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच समजूत असते, ती ही की जे दुखणे जागा बदलते त्याला एक निश्चित कारण असू शकत नाही. पशुवैद्यकशास्त्राचा अनुभव नेमका याच्या उलट आहे. दुखण्याचे हे फिरणे हीच रोगाची एक मोठी खूण असते.

वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1979 साली केलेली वेदनेची व्याख्या 2020 साली सुधारली, तेव्हा तिच्या टिपणीत आवर्जून नमूद केले की, बोलून सांगता न येणे याचा अर्थ वेदना नसणे असा होत नाही, मग तो जीव मनुष्य असो की मनुष्येतर प्राणी. कुत्रे वेदनेने विव्हळतेच असे नाही. पुष्कळ वेळा ते ती अंगावर काढते. बसल्या जागेवरून उठताना अडखळणे, उन्हात न फिरताही धापा टाकणे, एकच सांधा चाटत राहणे, रात्री वारंवार जागा बदलणे, ओट्याची पायरी चढण्याचे टाळणे, नेहमीच्या माणसाने पाठीवर हात ठेवताच गुरगुरणे, ही सर्व वेदनेचीच चिन्हे होत. ग्लासगो येथील संशोधकांनी अशाच वर्तनांवरून कुत्र्याच्या वेदनेचे गुणांकन करण्याची पद्धत सिद्ध केली असून आज ती अनेक देशांत वापरली जाते.

आता कारणाकडे वळू. वऱ्हाडच्या उष्ण हवेत कुत्र्याच्या अंगावर जी तपकिरी गोचीड आढळते, तिचे शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. गुराच्या अंगावरील सामान्य गोचीड आपल्या तिन्ही अवस्था एकाच जनावरावर काढते. कुत्र्याची गोचीड मात्र प्रत्येक वेळी रक्त पिऊन खाली पडते, भिंतीच्या भेगांत, दगडांच्या सांध्यांत किंवा छपराच्या लाकडांत दडून कात टाकते आणि पुढच्या अवस्थेत पुन्हा कुत्रे शोधते. एक मादी हजारो अंडी घालते आणि पूर्ण वाढलेली गोचीड अन्नावाचून कित्येक महिने तग धरते. आजारी कुत्र्याच्या रक्तातून तिच्या पोटात गेलेला एर्लिकिया कॅनिस हा जीवाणू, ती कात टाकून पुढच्या अवस्थेत गेली तरी, तिच्या शरीरात टिकतो व पुढच्या दंशात निरोगी कुत्र्याच्या रक्तात उतरतो.

हा जीवाणू 1935 साली अल्जीरियात दोनात्याँ व लेस्तोकार या संशोधकांनी प्रथम नोंदवला, आणि व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याची शेकडो कुत्री त्याला बळी पडल्यावर जगाचे लक्ष त्याकडे वेधले गेले. तो रक्तातील एका जातीच्या श्वेतपेशींत राहतो. दंशानंतर एक ते तीन आठवड्यांनी ताप, अरुची, ग्रंथींची सूज, कधी नाकातून रक्त अशी लक्षणे दिसतात. पुढे ती मावळतात आणि कुत्रे बरे झाले असे वाटत असतानाच रोग महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे, आत मुक्काम ठोकून राहतो. या काळात शरीराची प्रतिकारयंत्रणा थांबलेली नसते. तिने घडवलेली द्रव्ये व जीवाणूंचे अंश यांची संयुगे रक्ताबरोबर फिरत सांध्यांच्या अस्तरांत साचतात आणि तेथे दाह उत्पन्न करतात. आज या सांध्यात, उद्या त्या सांध्यात असे दुखणे फिरते त्याचे एक स्पष्टीकरण हे आहे. डोळे, मूत्रपिंड व मज्जासंस्था यांवरही असाच परिणाम होऊ शकतो, म्हणून लक्षणांची यादी वाढत जाते.

एकच गोचीड एकाहून अधिक रोग वाहते, हे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे करते. हिपॅटोझून कॅनिस या परजीवीचे पहिले वर्णन एस. पी. जेम्स यांनी 1905 साली भारतातील कुत्र्यांवरूनच केले. त्याची लागण गोचीड चावून नव्हे, तर कुत्र्याने अंग चाटताना गोचीड गिळल्यामुळे होते. तांबड्या पेशींत शिरणारा बबेसिया गिब्सोनी हा परजीवी पॅटन यांनी 1910 साली मद्रासकडील शिकारी कुत्र्यांत वर्णिला. त्याला एर्लिकियावरचे औषध पुरे पडत नाही. शिवाय धुऱ्यावरच्या गवताचे कुसळ पंजात शिरून आतल्या आत सरकत जाते, तेव्हाही दुखणे जागा बदलते. आणि वर्तन एकाएकी पालटले, आवाज बदलला, गिळता येईनासे झाले, तर पिसाळ रोगाची शंका प्रथम घ्यावी. घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये.

इतक्या शक्यतांतून निवाडा करायचा तर पुरावा हवा. कानाच्या कडेच्या रक्ताचा काचपट्टीवरील थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. परंतु त्यात जंतू न दिसणे म्हणजे जंतू नसणे नव्हे, कारण जुन्या आजारात ते फार विरळ असतात. रक्तबिंबिकांची संख्या घटली असेल तर संशय बळावतो आणि प्रतिपिंडांची किंवा जंतूच्या जनुकद्रव्याची तपासणी तो पक्का करते. अकोल्यातच महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे, ही बार्शीटाकळीकरांच्या जमेची बाजू होय.

तथापि प्रयोगशाळेपूर्वीचा पुरावा घरचाच माणूस देऊ शकतो. कुत्र्याला जबानी देता येत नाही. त्याची कैफियत तारीखवार लिहून ठेवणे हे धन्याचे काम आहे. कोणत्या दिवशी कोणता पाय, ताप किती, अन्न किती खाल्ले, लघवीचा रंग कोणता, गोचीड कधी दिसली, कोणते औषध कधी दिले, हा रोजनामा आणि चालण्याचे मोबाइलवरील चित्रण वैद्यासमोर ठेवावे. कारण दवाखान्याच्या टेबलावर भीतीपोटी कुत्रे पुष्कळदा लंगडणेच विसरते. हा रोजनामा नसेल तर चार भेटींत चार वेगळे आजार दिसतात. असेल तर त्यांतून एकच आजार उभा राहतो.

याच कारणास्तव दुखणे घरच्या गोळीने दाबू नये. माणसांची आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधे कुत्र्याच्या जठरात व्रण पाडतात, मूत्रपिंडे निकामी करतात, आणि रक्तबिंबिका आधीच घटलेल्या कुत्र्यात रक्तस्रावाचा धोका वाढवतात. कपाशीवर फवारायचे कीटकनाशक गोचिडांसाठी त्याच्या अंगावर ओतणे तर जिवावरच बेतते. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे औषध साधारणतः चार आठवडे द्यावे लागते. दोन-तीन दिवसांत उतार पडतो म्हणून ते मध्येच बंद करणाऱ्याच्या घरी रोग परत येतो. या रोगावर लस नाही आणि एकदा होऊन गेल्याने कायमचे संरक्षणही मिळत नाही. यास्तव पशुवैद्याच्या सल्ल्याने कुत्र्यावर गोचीडनाशकाचा नियमित उपाय करणे आणि भिंतींच्या भेगा बुजवणे, ही दोन्ही कामे औषधाइतकीच महत्त्वाची आहेत.

सर्व तपासण्या होऊनही काही प्रकरणांत निदान लांबणीवर पडते, आणि तो काळ धन्याला फार जड जातो. परंतु कारण अद्याप सापडलेले नाही याचा अर्थ करण्यासारखे काही उरले नाही असा होत नाही. मऊ अंथरूण, जवळ ठेवलेले पाणी, कमी चालणे, वैद्याने ठरवून दिलेले वेदनाशामक आणि रोजची नोंद, एवढे प्रत्येक घराला करता येते. जो प्राणी आपल्या वावराची आणि दाराची राखण कोणतीही तक्रार न करता करतो, त्याचे न बोललेले दुखणे खरे मानून त्याचा चिकाटीने तपास करणे, हे आपले त्याच्याविषयीचे कर्तव्य आहे.