निळी ज्योत, पिवळी ज्योत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळी जवळ आली की घराघरांत साफसफाई निघते. माळे रिकामे होतात, पंख्यांची पाती पुसली जातात, डबे घासून उन्हात पडतात. न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेल्या पांढऱ्या पेटीला मात्र कुणी हात लावत नाही. नळ सोडला की ती भप्‌कन पेटते आणि पाणी गरम येतं. काम नीट चाललंय ना, मग उगीच कशाला उघडायची, असा आपला हिशेब असतो. आज या पेटीबद्दल, म्हणजे गॅस गिझरबद्दल बोलायचं आहे. कविता लिहिणाऱ्या माणसाचा हा विषय आहे का, असं कुणी विचारील. पण शेवटी ही ज्योतीची आणि श्वासाची गोष्ट आहे, आणि या दोन्हींशी कवीचा जुना संबंध आहे.

'गिझर' हा शब्द आला आइसलँडहून. तिथल्या उसळत्या गरम पाण्याच्या एका झऱ्याचं नाव गेसिर. लंडनमधल्या बेंजामिन मॉन नावाच्या रंगाऱ्यानं १८६८ साली गॅसवर पाणी तापवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि त्याला हे नाव दिलं. त्याच्या यंत्रात एक मोठी उणीव होती. जळलेला वायू घराबाहेर नेणारं नळकांडंच त्यात नव्हतं. दीडशे वर्षं उलटून गेली, तरी आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गॅस गिझरची तीच गत आहे.

आपल्या लहानपणी हे काम तांब्याचा बंब करायचा. त्याची निगा म्हणजे रोजचा कुटाणा होता. राख काढा, चिंचेनं घासा, ढलप्या आणा. पण बंबाचा एक मोठा गुण होता. काही बिघडलं की तो धूर काढून सांगायचा. डोळ्यांतून पाणी यायचं, खोकला यायचा. म्हणूनच त्याची जागा परसात किंवा मोकळ्या न्हाणीत असायची. गॅस गिझर धूर काढत नाही, म्हणून आपण त्याला थेट बंद न्हाणीघरात आणून ठेवला. धोक्याची सूचना गेली, धोका मात्र राहिला.

हा धोका गॅसगळतीचा नव्हे, वेगळाच आहे. सिलिंडरमधल्या गॅसलाही स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. पण गॅस जळताना हवा अपुरी पडली, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतो. मग श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि पायांतलं बळ जातं. कित्येकांना काहीतरी बिघडलंय हे कळतं, पण कडीपर्यंत हात पोचत नाही.

एक साधं गणित करू. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर तासाला जवळजवळ एक किलो गॅस जाळतो. पाच फूट बाय सहा फूट, आठ फूट उंच अशा न्हाणीघरात हवा असते अवघी आठ किलोंच्या आसपास. म्हणजे दार-खिडकी बंद ठेवून वीस मिनिटं गिझर चालला, तर अर्ध्याहून अधिक हवा त्यालाच लागते. बऱ्याच यंत्रांत वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. पण एकामागून एक माणसं आंघोळीला गेली, की ती सोय निरुपयोगी ठरते. अभ्यंगस्नानाची पहाट, ईदची सकाळ, पाहुण्यांनी भरलेलं लग्नघर, हे सगळे त्यातच आले. आमच्याकडे फजरच्या नमाजासाठी वजू करायला थंडीत गरम पाणी लागतं, आणि त्याच वेळी खिडक्या सर्वांत घट्ट लावलेल्या असतात.

आता देखभालीकडे येऊ. पहिली खूण ज्योतीचीच. आम्हा कवींना पिवळी ज्योत प्रिय. समई असो की शमा, तिचा तो हलता उजेड हवाहवासा वाटतो. गिझरमध्ये मात्र पिवळी ज्योत म्हणजे अपुरं ज्वलन. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पेटीच्या छोट्या खिडकीतून ती दिसते, आठवड्यातून एकदा नजर टाकावी. ज्योत पिवळी दिसली, वरच्या बाजूला काजळी धरली किंवा पेटताना धडाका झाला, तर गिझर बंद करून मिस्त्रीला बोलवावं.

मिस्त्रीनं वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधी, पेटी उघडलीच पाहिजे. उन्हाळा-पावसाळ्यात यंत्र पडून राहतं, तेव्हा बर्नरच्या बारीक वाटांत धूळ बसते, कोळी जाळी विणतो. हवेची वाट अडली की ज्योत पिवळी होते. बर्नरच्या वर तांब्याच्या पातळ पट्ट्यांची जाळी असते. तिच्यात काजळी साचली, तर जळलेल्या वायूला वर जायला जागा उरत नाही. ही जाळी ब्रशनं साफ करून घ्यावी. बोअरचं जड पाणी असेल, तर नळीत आतून क्षार धरतात. पाणी कमी तापतं, गॅस जास्त जळतो. पाणी आत येतं तिथली बारीक गाळणी काढून धुणं, हंगाम संपल्यावर सेल काढून ठेवणं, ही कामं घरच्या घरीही होतात. रबरी नळी आयएसआय खुणेची घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी. तिच्यावर तारीख छापलेली असते. सांध्यांना साबणाचं पाणी लावावं. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून तपासणं हे वेडं साहस आहे.

पण कितीही साफ केलेला गिझर बंद खोलीत सुरक्षित नाही, हे ठामपणे सांगितलं पाहिजे. त्याची खरी जागा न्हाणीघराबाहेर, गॅलरीत किंवा उघड्या भिंतीवर. आत फक्त गरम पाण्याची नळी यावी. ते होईपर्यंत निदान बादली आधी भरावी, गिझर बंद करावा, खिडकी उघडून हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला जावं. झडप वरही हवी आणि दाराखाली फटही हवी, कारण बाहेरची हवा आत आली तरच आतली बाहेर जाते.

आंघोळीला गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल, तर वाट पाहू नये. दार तोडावं, गॅस बंद करावा, माणसाला लगेच उघड्या हवेत आणावं आणि १०८ ला फोन करावा. दवाखान्यात पोचल्यावर 'घरात गॅस गिझर आहे' हे वाक्य आवर्जून सांगावं. कारण अशा रुग्णाला कधी झटके येतात आणि फेफरं समजून उपचार होतात. डॉक्टरांच्या लिखाणात याला 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नावच पडलं आहे. कोविडच्या साथीत घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नये. त्याला प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही, आकडा चांगलाच दाखवतो.

आमच्या मोहल्ल्यातला मिस्त्री काम झालं की पेटीशेजारी भिंतीवर पेन्सिलनं तारीख लिहून जातो. पुढच्या वर्षी गिऱ्हाईक 'परवाच तर केलं होतं' म्हणालं, की तो गुपचूप त्या आकड्यावर बोट ठेवतो. ही पद्धत मला फार आवडली. बंब धूर काढून आठवण द्यायचा, गिझर देत नाही. मग आठवण आपणच भिंतीवर लिहून ठेवायला हवी. आज घरी गेल्यावर त्या पेटीकडे एकदा बघा. शेजारी तारीख नसेल, तर थंडीचा कडाका वाढण्याआधी ती लिहिली जाईल असं पाहा.